आर्डिसचा शेवटचा परिच्छेद

आमच्या गावात साठी उलटलेल्या बाईने काय करावं हे ठरलेलं आहे. चर्चच्या तळघरात मयताच्या जेवणाची भांडी घासावीत, गोधड्या शिवाव्यात, आणि थंडी सोसेनाशी झाली की ॲरिझोनातल्या बहिणीकडे जाऊन पडावं. माझी भावजय आर्डिस हिने यातलं काहीच केलं नाही. जन्मभर शाळेत टायपिंग शिकवून निवृत्त झाली आणि लगेच विद्यापीठात गोष्टी लिहायला शिकायला निघाली.

बरं, शिकायचं तर शीक बाई, पण हिला डिग्रीही नको होती. एम. ए. करणाऱ्या पोरांचा जो वर्ग, त्यातच बसायचं, त्यांच्याइतकंच लिहायचं, त्यांच्याइतकंच वाचायचं, आणि शेवटी हातात काही नाही. अशा लोकांसाठी विद्यापीठात सोय आहे म्हणे. एका सत्राला एकच वर्ग, तोही पदवीवाल्यांना बसवून जागा उरली तर, आणि शिकवणाऱ्या बाईंनी हो म्हटलं तर. म्हणजे लग्नात पंगत उठल्यावर उरलेल्या जागी बसायचं, तसलं.

रविवारी चर्चनंतर कॉफी घेताना बोर्गहिल्डने तिला गाठलंच. बोर्गहिल्डला गावातलं काही कळलं नाही तर अन्न पचत नाही.

"काय गं आर्डिस, डिग्री घेतेयस म्हणे या वयात?"

"नाही गं. डिग्री नाही घेत."

"मग नोकरी मिळणार आहे कुठे?"

"मला कोण देतंय?"

"मग पुस्तक काढणार?"

"छे."

"मग मेले, एवढ्या बर्फातून कशाला तडफडत जातेस?"

आर्डिस हसली आणि तिच्या बशीत लिंबाच्या वडीचा आणखी एक तुकडा ठेवला. आमच्याकडे उत्तर द्यायचं नसलं की माणसं वाढायला घेतात.

मला मात्र कारण ठाऊक होतं. डोळे अधू झाल्यामुळे तिला लांब गाडी चालवता येत नव्हती, म्हणून दर मंगळवारी मीच तिला घेऊन जायची. पहिल्याच मंगळवारी मी तिला सरळ विचारलं, "माझं पेट्रोल जाळतेयस, तर मला तरी खरं सांग."

तिने मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "नेल्सला एक गोष्ट सांगायची आहे. तोंडाने होत नाही माझ्याच्याने. लिहून झाली तर बघावं म्हणते."

नेल्स तिचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा.

आता हे सांगायलाच हवं. माझा भाऊ ऑरिन, म्हणजे आर्डिसचा नवरा, तळ्यावरच्या बर्फातून गाडीसकट खाली गेला. मार्च महिना होता. हिवाळाभर बर्फावर मासे धरायला जी लाकडी खोपटी नेऊन ठेवतात, ती ठरलेल्या तारखेच्या आत काठावर आणावी लागते, नाहीतर सरकारी माणूस दारात येतो. ती आणायला बाप-लेक गेले होते. नेल्सने काठाजवळ भोक पाडून बर्फ मोजला आणि बापाला हाक मारली, "भरपूर जाड आहे बाबा, या." बाप गाडीला बांधून खोपटी ओढत निघाला. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ खालून खाल्लेला होता. नेल्स बाजूने चालत होता, म्हणून वाचला.

त्यानंतर त्या घरात या विषयावर एक शब्द निघाला नाही. मयताच्या जेवणाला अख्खा गाव आला, प्रत्येकीने भाजलेल्या शेवयांचं भांडं आणलं, सगळे हवामानावर बोलले. नेल्सला कुणी म्हटलं नाही की तुझ्यामुळे गेला. पण तुझ्यामुळे नाही गेला असंही कुणी म्हटलं नाही. ना आईने, ना मी. पोरगा वर्षाच्या आत डुलुथला निघून गेला, गोदीत वेल्डिंगचं काम धरलं. नाताळला यायचा, आईच्या दारातला बर्फ उपसायचा, जेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जायचा. लग्न नाही, मैत्रीण नाही. दहा वर्षं असंच चाललं.

तर आर्डिस ती गोष्ट लिहायला शिकत होती. पहिली दोन सत्रं तिने इकडचं तिकडचं लिहिलं. टायपिंगच्या वर्गातली कुणी पोरगी, शेजाऱ्याचा कुत्रा, असं. हात साफ करत होती. तिसऱ्या सत्रासाठी मात्र तिने ती गोष्ट धरली आणि सगळा उन्हाळा तीच घेऊन बसली. माझ्याकडे यायची तेव्हा बोटं टेबलावर आपोआप टंकायची.

गोष्ट पुरी झाली तेव्हा तिने मला गाडीत वाचून दाखवली. मी एका पेट्रोलपंपाशी गाडी थांबवली, कारण मला समोरचं दिसेना. सगळं जसंच्या तसं होतं. खोपटी, ओढा, बर्फाचा तो आवाज. मग मुलगा ओल्या विजारीत स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो. आई त्याच्याकडे बघते, आणि एक शब्द न बोलता त्याच्यासाठी कॉफी ओतते. त्या दिवशी अगदी असंच झालं होतं.

त्यापुढे शेवटचा परिच्छेद होता. त्यात आई मुलाला सांगते की बाबा आज जायला तयार नव्हते. हवा उबदार झालीय, एक कडक थंडी पडू दे, मग आणू, असं म्हणत होते. मीच मागे लागले. दरवर्षी शेवटच्या दिवसापर्यंत थांबता, लोक हसतात आपल्याला, आजच आणा, असं मी म्हटलं. बर्फ तू मोजलास, पण त्यांना पाठवलं मी. तुझा दोष नव्हता बाळा. कधीच नव्हता.

हे मलाही नवीन होतं. मी इतकी वर्षं समजत होते, माझा भाऊच हेकट, त्यानेच घाई केली असणार. मला वाटलं, आता मला हिचा राग येईल. आला नाही. नवऱ्याच्या मागे कोण लागत नाही? मी तर माझ्याला झोपूही देत नव्हते. मला आला तो रडू येण्याचा राग.

"दे त्याला," मी म्हटलं. "आजच टपालात टाक."

"अजून वर्गात व्हायची आहे चर्चा," आर्डिस म्हणाली. "चुका असतील. एकदा नीट होऊ दे."

"अगं, त्याला काय चुका काढायच्यात?"

"एवढ्या वर्षांनी द्यायचं, तर नीटच द्यायला हवं ना, मर्ना."

कप्पाळ माझं. टायपिंगच्या बाई. एक अक्षर चुकलं तर पान फाडून नवं चढवणारी जात.

तिच्या गोष्टीची पाळी आली त्या मंगळवारी नोव्हेंबरातलं पहिलं वादळ झालं. एरवी मी खालच्या उपाहारगृहात विणकाम घेऊन बसायची, पण ते लवकर बंद झालं. तेव्हा हॅलोरनबाईंनी, म्हणजे शिकवणाऱ्या बाईंनी, मला वर्गात भिंतीशी बसवून घेतलं. चाळिशीच्या, गोड बोलणाऱ्या, पायात पुरुषी बूट. वाईट बाई नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते.

त्या वर्गाचा एक नियम होता. ज्याच्या गोष्टीवर चर्चा, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी तो तिथे नाहीच असं समजून बोलायचं. आणि हे खरं घडलंय का, हे तर विचारायचंच नाही. 'तू' म्हणायचं नाही, 'गोष्टीतली आई' म्हणायचं. मला वाटलं, अरे, हे तर आमचंच घर! आम्ही जन्मभर याच नियमाने राहतो, आणि इथे पोरं पैसे भरून शिकतायत.

पोरांनी तिची स्तुती केली, खोटं कशाला बोलू. ओढा किती छान, खोपटीतला तो रॉकेलचा वास किती छान. एका निळ्या केसांच्या मुलीचे तर डोळे भरले होते. ती म्हणाली, "आई कॉफी ओतते ना, तिथे मला भरून आलं. पण त्यानंतर ती बोलायला लागते आणि सगळं सांडून जातं."

"बरोबर," एक दाढीवाला म्हणाला. "शेवटचा परिच्छेद पटतच नाही. अशी बाई हे बोलणारच नाही. लेखिकेला मुलाची दया आलीय, म्हणून तिने आईच्या तोंडात घातलंय."

"न बोलण्यातच सगळं आलंय की," तिसरा म्हणाला.

हॅलोरनबाई मान डोलवत होत्या. "मला विचाराल तर गोष्ट कॉफीपाशी संपते. पुढचं वाचक स्वतःच भरून काढतो. सांगायची गरज नाही."

मी भिंतीशी विणत बसले होते आणि टाक्यामागून टाका चुकत होते. शेवटी सुटलंच तोंडातून. "अहो, पण मग त्या पोराला कळणार कसं?"

सगळी टाळकी वळली. दाढीवाला फार नम्रपणे म्हणाला, "वाचकाला कळतं ना, आजी."

"वाचकाला कळून काय उपयोग? पोराला नको कळायला?"

थोडे हसले. वाईट हेतूने नाही. हॅलोरनबाई म्हणाल्या, "मुद्दा सुंदर आहे. त्या मुलाची काळजी वाटते, हेच या गोष्टीचं यश. पण तो मुलगा शेवटी कागदावरचा आहे."

मी आर्डिसकडे बघितलं. तिने माझ्याकडे अशी एक नजर टाकली की मी पुढचं सगळं गिळलं. ती नजर मी ओळखते. नवऱ्याच्या मयताला बोर्गहिल्ड काहीबाही विचारायला लागली तेव्हा तिच्याकडेही अशीच टाकली होती.

चर्चा संपली तेव्हा बाई म्हणाल्या, "आर्डिस, आता तू बोलू शकतेस. काही विचारायचंय? काही सांगायचंय?"

देवाशपथ, मला वाटलं आता बोलेल. आर्डिसने पुढ्यातले कागद सरळ केले. "नाही," म्हणाली. "सगळ्यांचे आभार."

पोरांनी आपापल्या प्रती तिला परत दिल्या. गाडीत मी एकेक उलटून बघितली. प्रत्येकीवर शेवटच्या परिच्छेदावर काट मारलेली. कुणी पेन्सिलीने हलकेच, कुणी हिरव्या शाईने. बाईंनी तर बाजूला लिहिलं होतं, 'इथे थांबण्याचं धैर्य दाखव.'

"धैर्य!" मी म्हटलं. "गप्प बसायला धैर्य लागतं होय? मग आपल्या गावात सगळे शूरवीरच म्हणायचे."

"त्यांना कळतं त्यातलं, मर्ना."

"लिखाणातलं कळतं. नेल्समधलं काय कळतं?"

"न सांगता जास्त पोचतं म्हणाले. मलाही वाचताना वाटलंच होतं, तो शेवट जरा जडच होतो." ती काच पुसत होती. काच आतून स्वच्छच होती. "नेल्स हुशार आहे. त्याला कळेल."

"तुला सुटल्यासारखं वाटतंय," मी म्हटलं. "काढायला कुणीतरी सांगितलं म्हणून."

तिने प्रती गोळा करून पिशवीत कोंबल्या. मला तिचा मनस्वी संताप आला होता, आणि समोर बर्फ एवढा पडत होता की भांडायला हात मोकळे नव्हते.

तिने तो परिच्छेद काढला. गोष्ट पुन्हा स्वच्छ टंकली, एकही चूक नाही. बाईंनी सत्रातली सर्वांत चांगली गोष्ट म्हणून वाखाणली. नाताळला नेल्स आला, बर्फ उपसला, जेवला. निघताना आर्डिसने त्याच्या हातात बटाट्याच्या लेफ्सा पोळ्यांचा डबा दिला आणि डब्यावर गोष्टीचं पाकीट ठेवलं.

"हे काय?"

"वर्गात लिहिलं होतं. वाच सवडीने."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला.

जानेवारी अर्धा सरला तरी त्याचा काही फोन नाही. आर्डिस रोज दुपारी माझ्याकडे यायची, हवामानावर बोलायची आणि जायची. मग एका रविवारी फोन आला, तो माझ्याकडे.

"आत्या, आईने लिहिलंय ते तू वाचलंस?"

"वाचलं."

"ती कॉफी ओतते आणि संपतं."

"हो रे."

"म्हणजे इतक्या वर्षांनी तिने लिहायला घेतलं, सगळं लिहिलं, मी हाक मारली तेसुद्धा लिहिलं. आणि तिथेच थांबली." त्याचा आवाज अगदी साधा होता. "ठीक आहे. मला माहीत होतंच की तिला असं वाटतं. आता लिहून दिलंन, एवढंच."

"अरे नाही रे राजा! पुढे होतं!" माझ्या जिभेला हाड नाही, मी सगळं बोलून गेले. तिनेच पाठवलं होतं ते, तुझा दोष नव्हता ते, वर्गातल्या पोरांनी काट मारली ते. "त्यांनी सांगितलं म्हणून काढलंन तिने. बरं दिसत नाही म्हणाले."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे लिहिलेलं होतं," नेल्स म्हणाला. "आणि मला द्यायच्या आधी काढलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले. तो म्हणाला, "बरं आत्या, जप," आणि फोन ठेवला.

मी तशीच कोट चढवून आर्डिसकडे गेले आणि तिला घडलं ते सांगितलं. ती सिंकपाशी उभी होती. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाली, "चल." मी कधी तिला एवढ्या भराभर बूट घालताना पाहिलं नव्हतं.

डुलुथला पोचेपर्यंत दुपार उलटली होती. नेल्सच्या खोल्या गोदीच्या वरच्या चढावर, जिन्याला रंग नाही. दार उघडून त्याने आम्हाला बघितलं आणि म्हणाला, "रस्ता कसा होता?"

"बरा होता," आर्डिस म्हणाली.

त्याने कॉफी टाकली. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. एकच खुर्ची धड होती, ती त्याने आईला दिली. मी मनात म्हणत होते, बोल बाई, आता तरी बोल, नाहीतर मी बोलेन. पण मी बोलून चालणार नव्हतं, एवढी अक्कल मला होती.

आणि ती बोलली. खरंच बोलली. टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "नेल्स, बाबा त्या दिवशी जायला तयार नव्हते. मी मागे लागले. लोक हसतील म्हणून. बर्फ तू मोजलास, पण त्यांना पाठवलं मी. तुझा दोष नव्हता बाळा. कधीच नव्हता."

एक शब्द चुकला नाही. मला त्याच क्षणी कळलं की हेच वाईट झालं. सगळा उन्हाळा ती त्या वाक्यांना घासत होती. तिच्याकडे दुसरी वाक्यं उरलीच नव्हती. जो परिच्छेद मी पेट्रोलपंपाशी ऐकला, तोच तिच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर आला, अगदी शाळेतलं पाठांतर म्हणावं तसा.

नेल्सने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बापासारखाच तो, मध्ये बोलत नाही. मग म्हणाला, "छान आहे. हे ठेवायला हवं होतंस, आई. याच्याने शेवट चांगला झाला असता."

"अरे गाढवा, ती गोष्ट सांगत नाहीये!" मी ओरडले. "तुझी आई तुझ्याशी बोलतेय!"

"रागावू नकोस ना, आत्या. मी वाईट नाही म्हणालो. खरंच छान लिहिलंय." त्याने आईच्या हातावर दोन बोटं टेकवली आणि उचलली. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "पुन्हा पडायला लागेल. उजेड आहे तोवर निघा तुम्ही."

तो खाली आला, बुटाने टायरवरचा बर्फ पाडला, पुढची काच खरवडून दिली. आईच्या बाजूचं दार त्याने स्वतः लावलं. आम्ही चढ उतरून सरोवराकाठच्या रस्त्याला लागलो तेव्हा आर्डिसने विचारलं, "त्याला पटलं का गं?"

तोंडावर खरं बोलायची माझी खोड सगळ्या गावाला माहीत आहे. दुसरं काही मला सुचलंच नाही.

"नाही," मी म्हटलं. "नाही पटलं."

तिने मान हलवली. मग ती रडायला लागली, मोठ्याने, तोंडावर हातही न घेता. मी तिला रडू दिलं आणि गाडी हळू घेतली. माझा भाऊ गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.